बाबांकडून आलेलं

१२ फेब्रुवारी

इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी रोज थोडं लिहायला सांगितलंय. काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, जे वाटेल ते. मला विशेष काही वाटत नाही, म्हणून जे झालं ते लिहिते.

आज धाकटीबरोबर इस्पितळात गेले होते. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिला अंडाशयाचा कॅन्सर आहे. गेल्या वर्षी पोट फुगायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले गॅस. मग ऑपरेशन झालं, आता औषधं चालू आहेत. तिचं केस कापायचं दुकान आहे आणि तिच्याच डोक्यावर आज एक केस नाही. "दुकानाची याहून वाईट जाहिरात कुणी केली नसेल," असं ती आल्यागेल्याला सांगते. गिऱ्हाइकांना हसावं की नाही ते कळत नाही.

तिच्या रक्ताची खास तपासणी झाली होती, तिचा निकाल आज कळला. एका जनुकात जन्मापासून दोष आहे. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हा जनुक सगळ्यांमध्येच असतो आणि त्याचं काम दुरुस्तीचं. पेशीत रोज काही ना काही तुटतं, नक्कल करताना चुका होतात, त्या हा निस्तरतो. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. धाकटीला त्यातली एक मुळातच बिघडलेली मिळाली. दुसरी चालू होती तोवर काही झालं नाही. मग कुठल्यातरी एका पेशीत दुसरीही बिघडली आणि तिथली दुरुस्ती बंद पडली. चुका साचत गेल्या. 'थांब' म्हणणारे जनुक बिघडले, 'वाढ' म्हणणारे चालूच अडकून बसले, आणि ती एक पेशी वाढतच सुटली.

मी मोटार चालवायला शिकवते. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. म्हणून मी विचारलं, "तसंच का?" बाई म्हणाल्या, "साधारण तसंच. फक्त पहिला गेलाय हे कुणाला कळत नाही."

सख्ख्या बहिणीत तो दोष असण्याची शक्यता निम्मी, असंही त्या म्हणाल्या. धाकटी माझ्याकडे बघत होती. मी पर्समध्ये पार्किंगची पावती शोधत होते.

१६ फेब्रुवारी

रक्त देऊन आले. नवरा सोबत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो, उंच इमारतींच्या पोकळीत दोरीवर लोंबकळतो, पण सुई बघून पांढरा पडला. नर्सने आधी त्याला खुर्ची दिली आणि मग माझा हात धरला.

घरी येताना तो सारखा बोलत होता. स्वयंपाकघराला रंग कुठला द्यायचा वगैरे. मी म्हटलं, दे कुठलाही.

२ मार्च

समुपदेशक बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. घरात कोणाला काय झालं होतं, ते त्यांना हवं होतं. आई हृदयविकाराने गेली, त्याला खूप वर्षं झाली. बाबा तेव्हापासून आमच्याकडेच असतात. पाणीपुरवठ्यात होते, पंपावर. मोजकं बोलतात.

"हे बायकांचं दुखणं आहे," बाबा म्हणाले. "हिच्या आईकडचं असणार. तिकडच्या सगळ्या तशा नाजूकच."

"तुमच्या बहिणी?" बाईंनी विचारलं.

"एकच. आक्का. लवकर गेली."

"कशाने?"

"पोटाच्या दुखण्याने."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बाबांचंही रक्त घ्यावं म्हणाल्या. बाबा म्हणाले, घ्या की.

आक्काआत्याचं मला आठवतं ते एवढंच, की तिच्यावरून बाबांचं आणि काकांचं बोलणं बंद झालं. आत्या आमच्याकडे होती. तिला मोठ्या इस्पितळात हलवू या असं काकांचं म्हणणं, आणि आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणत होते, वात आहे, उतरेल. बाबांनी डॉक्टरांचं ऐकलं. ती गेल्यावर काका सगळ्यांसमोर बाबांना म्हणाले, "तू मारलंस तिला." त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

१९ मार्च

माझ्यात आहे.

बाई सावकाश बोलत होत्या. दोष असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे. पण धोका मोठा आहे आणि अंडाशयाचा कॅन्सर वेळेत पकडायची खात्रीची तपासणी नाही. म्हणून आजार व्हायच्या आधीच अंडाशय आणि नळ्या काढून टाकणं हा मार्ग. स्तनांवर नियमित तपासणीची नजर ठेवायची. "आम्हाला मूल नाही," मी म्हटलं, "तेव्हा माझ्यापाशीच थांबेल." त्या म्हणाल्या, "हे तुम्ही फार शांतपणे बोललात." मी आभार मानले.

दुपारी दोन शिकवण्या घेतल्या. पहिल्या मुलीला चढावर गाडी उचलता येत नव्हती, ते आज जमलं.

धाकटीला फोनवर सांगितलं. तिने ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "ताई, तुझा कॉपी करायचा स्वभाव काही गेला नाही."

२७ मार्च

बाबांचा निकाल आला. दोष त्यांच्याकडूनच आलाय. बाप्यांमध्येही तो असतो, फक्त बहुतेकदा गप्प राहतो आणि पुढे जातो. बाबांनाही आता काही तपासण्या करत राहायला हव्यात, पण ते त्यांच्या कानात शिरलं असं दिसलं नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "म्हणजे माझ्याकडून."

मी म्हटलं, "यात तुमची काय चूक, बाबा? कुणी निवडून देतं का?"

ते तसेच उभे राहिले. "एवढंच?"

"अजून काय असणार?"

मग ते खाली जाऊन माझी गाडी धुवायला लागले. गाडी कालच धुतली होती.

२१ एप्रिल

धाकटीचं परत उलटलंय. यकृतापर्यंत गेलंय. डॉक्टरांनी अजून एक औषध सुचवलं, पण त्यांनाच त्यात फार उत्साह दिसला नाही. धाकटी म्हणाली, विचार करून सांगते. बाहेर आल्यावर म्हणाली, "केला विचार. नको."

२८ एप्रिल

धाकटीने बाबांना आणि मला दुकानात बोलावलं. दुकान बंदच असतं आता. तिला उभं राहवत नाही, म्हणून उंच स्टुलावर बसून तिने बाबांचे केस कापले. बाबा आरशात तिच्याकडे बघत होते.

"माझ्यामुळे झालं हे सगळं," बाबा एकदम म्हणाले.

"मान हलवू नका, कान जाईल," धाकटी म्हणाली. आणि मग म्हणाली, "हो, तुमच्यामुळेच. हे नाकही तुमच्यामुळेच असलं आलंय. त्याचं भांडण आधी मिटवू, मग पुढचं." आणि तिने खरंच त्यांना नाकावरून झापलं. शाळेत काय काय ऐकून घ्यावं लागलं, फोटो कसे एका बाजूनेच काढावे लागले, सगळं. बाबा खूप हसले. त्यांच्या डोळ्यांत केस गेले बहुतेक, पुसत होते.

बाबा पुढे निघाले तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, तुला राग नाही येत?"

"कोणाचा?"

"कोणाचाही. मला तर त्या समोरच्या बेकरीवाल्याचाही येतो. मस्त खातो, मस्त झोपतो."

मी म्हटलं, नाही येत. ती म्हणाली, "मग माझं एक काम कर. काकांच्या चिमणीला कळायला हवं हे. बाबांना घेऊन जा."

चिमणी म्हणजे आमची चुलत बहीण. लहानपणी पाहिलेली, त्यानंतर नाही. आता तिशी उलटली असेल.

संध्याकाळी बाबा बरे दिसत होते. केस कापल्यामुळे असेल.

८ मे

धाकटी सकाळी गेली. बाबा आणि मी तिच्यापाशीच होतो. नवरा चहा आणायला गेला होता, तो चार कप घेऊन आला.

दुपारची शिकवणी रद्द करायची राहून गेली. गाडी शिकणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई कोपऱ्यावर वाट बघत उभ्या राहिल्या असतील. त्यांना फोन करायला हवा.

११ मे

माणसं येऊन जातायत. सगळे म्हणतात, सुटली. मी हो म्हणते. आज तिच्या दुकानात येणाऱ्या बायका आल्या होत्या, त्यांना बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. खोलीभर तिनेच कापलेले केस होते. एकीचे कपाळावर आले होते. हिला आता एकदा दुकानात जायला हवं, असं माझ्या मनात येऊन गेलं.

बाबांनी विचारलं, "तुला काही बोलायचंय का माझ्याशी?" मी म्हटलं, "नाही बाबा, तुम्ही पडा जरा."

२९ मे

मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांकडे तक्रार केली. या निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला आल्या. हुशार आहेत, फक्त वळताना डोळे मिटायच्या, ते आता सुटलंय. तक्रार अशी, की त्या नीट चालवत असतानाही मीच मध्ये मध्ये ब्रेक दाबते.

मी म्हटलं, असं होणार नाही. मालक म्हणाले, "अहो, परवा मी तुमच्या मागेच होतो स्कूटरवर. रिकाम्या रस्त्यात गाडी कचकन थांबली. आपटणारच होतो." आणि मग, "सुट्टी घ्या. मी सांभाळतो."

मला तर आठवत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंचा संध्याकाळी फोन आला. "तक्रार केली म्हणून राग धरू नका. तुमची काळजी वाटली, पण तुम्हाला तसं सांगायची सोय नाही. तुम्ही लगेच आभार मानता." मी त्यांचे आभार मानले.

१४ जून

सुट्टीत करायला काही नाही. कपाटं आवरली. नवऱ्याने स्वयंपाकघराला रंग दिला. पिवळा. मला दाखवून "कसा वाटतो?" विचारलं. बरा आहे म्हटलं. तो ब्रश घेऊन तसाच उभा राहिला, आणि मग म्हणाला, "वाईट आहे असं तरी म्हण."

डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख द्या म्हणून कळवलं.

९ जुलै

ऑपरेशन झालं. पोटावर बारीक छिद्रं, त्यावर चिकटपट्ट्या. काढलेलं सगळं तपासणीला गेलंय. सर्जनबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, आता पाळी एकदम बंद होईल, अंगातून गरम वाफा जातील, चिडचिड होईल, रडू येईल, घाबरू नका.

बाबा इस्पितळाच्या खुर्चीत दिवसभर बसून होते. नर्सने त्यांना दोनदा घरी जायला सांगितलं.

१८ जुलै

तपासणीत काही सापडलं नाही. सगळं स्वच्छ. नवरा इस्पितळाच्या जिन्यातच खाली बसला आणि रडला. लोक बाजूने वाट काढून जात होते. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ऑपरेशनच्या आधी टाकलेले कपडे लाँड्रीतून आणायचे राहिलेत, हे मला आठवलं.

गरम वाफा येतात, त्या मात्र खऱ्या. मानेपासून सुरू होतात. चिडचिड नाही, रडू नाही.

४ ऑगस्ट

आज बाबांना काकांकडे घेऊन गेले. धाकटीने सांगितलं होतं म्हणून मी विषय काढणारच होते, पण सकाळी बाबाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. म्हणाले, "चल. मला एकट्याला जिना चढवणार नाही."

गाडीत ते पूर्ण वेळ पुटपुटत होते. बोलायची वाक्यं पाठ करत होते. मध्येच मला विचारायचे, "'दोष' म्हणू की 'बिघाड'?"

दार काकांनीच उघडलं. ते नकाशे काढायचं काम करायचे. अजून पाठीला तोच बाक आहे. बाबांकडे बघून त्यांनी पहिलं विचारलं, "कोण गेलं?"

"माझी धाकटी," बाबा म्हणाले.

"ते कळलं होतं." काका दारातून बाजूला झाले. ये म्हणाले नाहीत.

आम्ही बसलो. बाबा पाठ केलेलं सगळं विसरले. "आपल्यात एक बिघाड आहे," म्हणाले. "रक्तातून येतो. माझ्यात निघाला. माझ्या दोन्ही पोरींत उतरला. आक्कातही असणार."

काकांनी समोरचं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे आक्काला तू मारलं नाहीस, हे सांगायला आलास इतक्या वर्षांनी?"

"त्याचं तुला काय म्हणायचंय ते म्हण. मी चिमणीसाठी आलोय. माझ्यात आहे म्हणजे तुझ्यातही असू शकतो. तुझ्यात असला तर तिच्यात. तू तुझं रक्त तपासून घे. माझी एक गेली."

काका माझ्याकडे वळले. "तुला यातलं कळतं ना? तेव्हा हलवली असती तर आक्का वाचली असती?"

मला दोघेही माझ्याकडे बघताना दिसत होते. मी म्हटलं, "वाचली असती की नाही, माहीत नाही. थोडी जास्त जगली असती, कदाचित."

बाबांनी मान हलवली, जशी काही पोचपावती दिली. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. शेवटी म्हणाले, "चहा घेणार का?" बाबा नको म्हणाले, मग घेतो म्हणाले.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस." मी म्हटलं, विचारलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मीही विचारतोय कधीचा." काय ते मला समजलं नाही. सिग्नल लागला होता.

१९ ऑगस्ट

चिमणीचा फोन. आवाज ओळखीचा वाटला, आक्काआत्यासारखा असेल. तिला दोन लहान मुली आहेत. काका आधी नाही म्हणत होते, मग परवा स्वतःच रिक्षा करून रक्त देऊन आले आणि घरी आल्यावर सांगितलं. काकांत दोष नसला तर तिच्यापर्यंत येणारच नाही, असं तिला सांगितलंय.

"वाट बघताना तुम्ही काय करत होता?" तिने विचारलं.

"शिकवण्या घेत होते."

"भीती नाही वाटली?"

"आठवत नाही." मग तिला बरं वाटावं म्हणून ऑपरेशन सोपं असतं, चिकटपट्ट्या लवकर निघतात, असं सांगितलं. ती रडायला लागली. मी फोन धरून बसले.

१ सप्टेंबर

परत कामावर. मुख्याध्यापिकाबाईंना परवाना मिळाला. पेढे नको म्हटलं तर त्यांनी मला त्यांच्याच गाडीतून घरी सोडलं. मी शेजारी बसले होते आणि माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता. पूर्ण रस्ता पाय ताठ. त्या छान चालवतात.

१३ सप्टेंबर

जेवायला बसत होतो तेवढ्यात चिमणीचा फोन आला. ती हसतही होती आणि रडतही होती. काकांमध्ये दोष नाही. दोघे भाऊ एकाच आईबापांचे, एकाला मिळाला, एकाला नाही. "ताई, मला काहीच करायला नको म्हणाल्या डॉक्टरबाई! मुलींनाही नाही! मी पहिला फोन तुम्हालाच केला." मागे तिच्या मुलींचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, छान झालं. मी हे नीट म्हटलं, मला आठवतंय.

फोन ठेवला तेव्हा बाबा ताटावर बसलेले. "काय म्हणाली?"

"काकांत नाही."

बाबांनी डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाले. "बरं झालं."

आणि मी विचारलं, "काय बरं झालं?"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी म्हटलं, काय बरं झालं, बाबा? त्यांना नाही मिळाला, तुम्हालाच कसा मिळाला? आणि मिळाला तर मिळाला, तुम्ही दोघींनाही दिलात. निम्मी निम्मी शक्यता होती म्हणतात ना, मग एकीला तरी सोडायचं. धाकटीला तरी सोडायचं. मला दिलात ते दिलात, तिला कशाला? एवढीशी होती ती. आणि वर आईचं नाव घेत होतात, मेलेल्या बाईचं! आक्काआत्याच्या वेळी वात, धाकटीच्या वेळी गॅस, या घरात बायकांना दुसरं काही होतच नाही का? चिमणीच्या पोरी ओरडतायत तिकडे, ऐकलंत? मला चिमणीचा राग येतो. तिने माझं काही वाकडं केलं नाही तरी येतो. सगळे जिवंत आहेत. तो बेकरीवालासुद्धा जिवंत आहे.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. हे खोटं आहे, अन्याय आहे, जनुक कुणी हाताने देत नाही, हे मला बोलतानाही माहीत होतं. मी थांबले नाही. नवरा दारात आला, हातात पाण्याचा तांब्या होता. तो आत आला नाही आणि परतही गेला नाही.

बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले, की "बोल" म्हणायचे. एवढंच. "बोल." एकदाही त्यांनी माझी काय चूक म्हटलं नाही.

मग मला पुढचं बोलता येईना. धाकटीचं नाव घेतलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. भिंत पिवळी आहे. फार वाईट पिवळा आहे, नवऱ्याला तेही सांगितलं. तो म्हणाला, "उद्या बदलतो."

बाबा उठून माझ्या शेजारी खाली बसले. त्यांना खाली बसताना त्रास होतो, गुडघे वाजले. माझ्या डोक्यावर हात ठेवायचा होता त्यांना, पण तो मध्येच थांबला, म्हणून मीच डोकं पुढे केलं.

बऱ्याच वेळाने आम्ही जेवलो. सगळं गार झालं होतं. बाबांनी ताट पुसून खाल्लं आणि भात परत मागितला. मला त्याचाही राग आला. वाढला.